नांदगांवचा गणेश दैवज्ञ

आमच्या खेड्यापाड्यांतील घर कोणत्याहि धर्माचें असो, त्याच्या भिंतीवर एखादें पंचांग किंवा दिनदर्शिका खिळ्यास लटकलेली बहुधा दिसतेच. मृग केव्हां निघतो, अमावास्या कोणत्या वारीं येते, ग्रहण लागणार असलें तर किती वाजतां लागणार, हें सर्व आपण त्यांत पाहतों आणि पान उलटतों. पुढील वर्षीं अमुक रात्रीं चंद्र कोठें असेल हें एक वर्ष आधीं कागदावर कसें आलें, असा प्रश्न क्वचितच कोणी विचारतो. तें गणित कोणी तरी बसून केलेलें असतें. महाराष्ट्रांत सुमारें चारशें वर्षेंपर्यंत तें गणित मुख्यत्वेंकरून एकाच ग्रंथावरून होत असे. त्या ग्रंथाचें नांव ग्रहलाघव. तो शके १४४२, म्हणजे इ. स. १५२० ह्या वर्षापासून गणिताचा आरंभ धरून रचलेला आहे, आणि त्याचा कर्ता गणेश दैवज्ञ हा कोंकणांतील एका समुद्रकांठच्या गांवचा राहणारा होता. त्याचें चरित्र आज वाचकांपुढें ठेवावें असें आम्हीं योजिलें आहे.

त्या गांवाचें नांव नांदगांव. जुन्या ग्रंथांत त्यास नंदिग्राम म्हटलें आहे. सध्यांच्या रायगड जिल्ह्यांत मुरुडच्या उत्तरेस सुमारें तीन कोसांवर तें आहे, आणि संस्थानें विलीन होईपर्यंत तें जंजिऱ्याच्या मुलखांत मोडत असे. पश्चिमेस आकाश टेकेपर्यंत नुसता समुद्र. डोंगर किंवा झाड आड येत नसल्यामुळें सूर्य मावळल्यावर शुक्र किंवा बुध किती वेळ दिसतो, कोणत्या दिवशीं दिसेनासा होतो, हें तेथें डोळ्यांनीं नीट पाहतां येतें. गणेशाच्या काळीं ह्या किनाऱ्यावर निजामशाहीचा अंमल होता. त्या घराण्याचा मूळ पुरुष मलिक अहमद हा इ. स. १४९० त स्वतंत्र झाला तो आपल्याच जुन्नर शहरीं, आणि अहमदनगर वसण्यापूर्वीं त्याची राजधानी जुन्नरच होती. तेव्हां लोणी, जुन्नर आणि आंबेगांव ह्या बाजूच्या वाचकांनीं गणेशास अगदीं परमुलखाचा समजूं नये. नांदगांवाच्या उत्तरेस थोड्याच अंतरावर चौल बंदर आहे. तेथें इ. स. १५०८ त पोर्तुगीजांची आणि मिसर व गुजराथ येथील आरमारांची मोठी लढाई झाली. अशा धामधुमीच्या काळांत त्याच किनाऱ्यावर एक कुटुंब रात्रीं आकाशाकडे पाहून टिपणें करीत बसलें होतें.

त्या कुटुंबाचा कर्ता केशव दैवज्ञ. तो कमलाकराचा पुत्र व वैद्यनाथ नांवाच्या गुरूचा शिष्य होता. दैवज्ञ म्हणजे ज्योतिषी, ही त्या घराची पदवी होय. गणेशाच्या आईचें नांव लक्ष्मी. केशवानें शके १४१८, म्हणजे इ. स. १४९६ ह्या वर्षापासून आरंभ धरून ग्रहकौतुक नांवाचा ग्रंथ केला. त्याशिवाय जातक व मुहूर्त ह्या विषयांवरहि त्याचे ग्रंथ आहेत, आणि ते लोकांत ग्रहकौतुकापेक्षां अधिक चालले. तथापि आमच्या मतें ह्या बापाचें खरें महत्त्व ग्रहकौतुकांतच आहे, आणि मुलाचें काम समजण्यास आधीं बापाचें काम समजलें पाहिजे.

त्या काळीं ज्योतिषाचे तीन पक्ष होते. सूर्यसिद्धांतास मानणारा तो सौरपक्ष, आर्यभटास मानणारा तो आर्यपक्ष, आणि ब्रह्मगुप्त व भास्कराचार्य ह्यांच्या मार्गानें जाणारा तो ब्राह्मपक्ष. तिन्ही पक्षांचे मूळ ग्रंथ शेंकडों वर्षांचे जुने. त्यांतील गतींचे आंकडे मुळांतच किंचित् कमीअधिक होते, आणि घड्याळ रोज अर्धें पळ चुकलें तर वर्षाअखेर जसें बरेंच मागें पडतें, तसे त्यांवरून काढलेले ग्रह शेंकडों वर्षांत आपल्या खऱ्या जागेपासून दूर गेले होते. एका पक्षाचा शनि चुके, दुसऱ्याचा बुध चुके, तिसऱ्याचा आणखी कांहीं. तरी ज्याचा जो पक्ष तो त्यास धरून बसे, कारण ग्रंथ ऋषींचा, तो चुकेल कसा?

केशवानें काय केलें, तर ग्रंथ उशाला ठेवून तो आकाशाकडे पाहूं लागला. ग्रहणाच्या वेळीं चंद्र नक्की कोठें आहे तें कळतें. चंद्र एखाद्या ताऱ्याजवळून जातो तेव्हांहि कळतें. ग्रह ताऱ्याशीं किंवा दुसऱ्या ग्रहाशीं युति करतो तेव्हां त्याची जागा ठरवितां येते. दुर्बिणीचा शोध लागण्यास अद्याप शंभरांवर वर्षांचा अवकाश होता. वेध घेणाराजवळ तेव्हां काय असे, तर सावली मोजावयास शंकु, रोंखून पाहावयास नळी, आणि वेळ मोजावयास तळाला बारीक भोंक असलेलें तांब्याचें घटिकापात्र. तें पाण्यावर ठेविलें म्हणजे चोवीस मिनिटांत भरून बुडे, व एक घटका होई. आमच्या बाजूच्या लोकांनीं नारायणगांवाजवळ खोडद येथील पंचेचाळीस मीटर रुंदीच्या, जाळीच्या मोठमोठ्या तबकड्या पाहिल्या आहेत. तशा तीस तबकड्या मिळून आज आकाशांतून येणाऱ्या रेडिओलहरी टिपतात. त्यांच्या शेजारीं केशवाची नळी आणि तांब्याचें पात्र मनांत उभें करून पाहावें, म्हणजे त्यानें किती थोड्या साधनांनिशीं काम केलें तें ध्यानांत येईल. त्यास तिन्ही पक्षांत चुका आढळल्या. त्या त्यानें स्पष्ट लिहून ठेविल्या, आणि पुढेंहि ग्रह असेच अंतरतील तेव्हां त्या त्या काळच्या गणित्यांनीं वेध घेऊन नवे ग्रंथ करावे, असेंहि त्यानें आपल्या टीकेंत सांगून ठेविलें आहे.

कोंकणांत ह्या बापलेकांविषयीं एक दंतकथा आहे. केशवानें सांगितलेल्या ग्रहणाची वेळ चुकली आणि तेथील मुसलमान अधिकाऱ्यानें त्याची भर सभेंत थट्टा केली; तें मनास लागून वृद्ध केशव नांदगांवच्या गणपतीच्या देवळांत अनुष्ठानास बसला, तेव्हां तूं आतां थकलास, तुझें काम तुझा पुत्र पुरें करील, असा त्यास दृष्टांत झाला, आणि त्या पुत्राचें नांव म्हणून गणेश ठेविलें. चमत्काराचा भाग सोडून दिला तरी ह्या कथेंत एक गोष्ट ध्यानांत घेण्यासारखी उरते. गणित चुकलें हें त्या घरानें आपल्या कथेंतून पुसून टाकिलें नाहीं. ज्योतिष्याच्या वंशाविषयींची कथा आणि तिच्या आरंभींच त्याची फजिती, असें फारसें कोठें आढळत नाहीं.

गणेशाचा जन्म इ. स. १५०७ च्या सुमारास झाला असें धरितात, आणि ग्रहलाघव त्यानें वयाच्या तेराव्या वर्षीं केला अशी परंपरा आहे. तेरा वर्षांच्या मुलानें एवढा ग्रंथ केला ह्यावर कोणास विश्वास ठेवणें जड गेल्यास आम्ही त्याच्याशीं वाद घालणार नाहीं. १५२० हें गणिताच्या आरंभाचें वर्ष आहे, आणि तो आरंभ धरून ग्रंथ कांहीं वर्षांनीं पुरा करितां येतो. परंतु मुलगा लहानपणापासून बापाजवळ बसून वेध शिकला, आणि बापानें केलेल्या कामावरच त्यानें पुढची इमारत उभारली, एवढें त्याच्या ग्रंथांवरून उघड दिसतें.

आतां त्यानें केलें काय तें पाहूं. बापाच्या ग्रंथाचेंहि आकाशाशीं पुरें जुळत नाहीं असें त्यास दिसून आलें. तेव्हां तो एकाच पक्षाचा होऊन बसला नाहीं. ज्या पक्षाचा जो ग्रह आकाशांत बरोबर दिसे तो त्यानें त्या पक्षाचा घेतला. सूर्य आणि चंद्राचें उच्च सौरपक्षाचें. चंद्रहि सौरपक्षाचाच, पण त्यांतून नऊ कला वजा करून. मंगळ, गुरु आणि राहु हे आर्यपक्षाचे. बुधाचें केंद्र ब्राह्मपक्षाचें. शुक्राचें आर्य आणि ब्राह्म ह्या दोहोंच्या मधलें. शनि आर्यपक्षाचा, पण त्यांत पांच अंश मिळवून.

हे आंकडे वाचकांस कोरडे वाटतील, म्हणून त्यांचा अर्थ थोडा फोड करून सांगतों. पुनवेचा चंद्र आकाशांत सुमारें अर्धा अंश जागा व्यापतो, आणि एका अंशाच्या साठ कला. म्हणजे चंद्रांतून वजा केलेल्या नऊ कला चंद्रबिंबाच्या तिसऱ्या हिश्श्याहूनहि थोड्या कमी झाल्या. एवढ्यानें काय बिघडतें, असें कोणी म्हणेल. पण चंद्रास सूर्यापासून नऊ कला पुढें सरकावयास पाव तासाहून थोडा अधिक वेळ लागतो. तेवढ्यानें ग्रहणाचा स्पर्श पुढेंमागें होतो, आणि घटिकापात्र घेऊन बसलेल्या मनुष्यास तें कळतें. शनीचे पांच अंश तर फारच मोठे. दहा चंद्र एकास एक लावून ठेविले म्हणजे पांच अंश होतात. हात लांब करून तीन बोटें आकाशाकडे धरिलीं तर तीं तेवढी जागा झांकतात. ग्रंथ म्हणे शनि अमुक ताऱ्याजवळ, आणि शनि प्रत्यक्षांत तीन बोटें पलीकडे! हें पाहावयास मोठें यंत्र लागत नाहीं. रात्रीं अंगणांत येऊन मान वर करावी लागते. तरीहि पिढ्यान्‌पिढ्या विद्वान् मंडळी पोथींतला शनिच खरा धरून चालली होती.

तीन पक्षांच्या अभिमान्यांना ही निवड रुचण्यासारखी नव्हती. एका ग्रंथास ऋषिप्रणीत मानावयाचें आणि त्यांतील सूर्य ठेवून शनि टाकावयाचा, म्हणजे त्या ग्रंथास आकाशाच्या न्यायासनापुढें उभें करावयाचें. गणेशानें तें उघडपणें केलें, आणि कोणता ग्रह कोठून घेतला व किती कमीअधिक केला हें आपल्या ग्रंथांतच एका श्लोकांत सांगितलें. लपवाछपवी केली नाहीं, त्यामुळें पुढच्या मनुष्यास त्याचें काम तपासून पाहतां आलें.

त्याच्या कामाची दुसरी बाजू सोपेपणाची. ग्रह काढावयाचा तर आधीं आरंभापासून आजपर्यंत किती दिवस गेले तें मोजावें लागतें. सिद्धांतकार सृष्टीच्या आरंभापासून मोजीत, तेव्हां दिवसांची संख्या बारा आंकडी होई. कलियुगाच्या आरंभापासून मोजिलें तरी गणेशाच्या काळीं ती १६,८७,००० हून अधिक भरे. असल्या संख्येस ग्रहाच्या गतीनें गुणावयाचें, तेंहि धुळीच्या पाटीवर. खेड्यांतील जोशी ह्यांत चुकला नाहीं तरच नवल. गणेशानें अकरा वर्षांचें एक चक्र केलें. अकरा वर्षांचे महिने एकशें बत्तीस, त्यांत अधिक महिने चार, मिळून एकशें छत्तीस चांद्रमहिने, आणि त्यांचे दिवस ४०१६. एका चक्रांत प्रत्येक ग्रह किती चालतो तें त्यानें एकदांच काढून ठेविलें. शके १९४७, म्हणजे इ. स. २०२५ चें उदाहरण घ्या. त्यांतून १४४२ वजा केले म्हणजे ५०५ राहिले. त्यांस अकरानें भागिलें, चक्रें ४५ आलीं आणि बाकी १० वर्षें. मग फक्त त्या दहा वर्षांचे व चालू वर्षाचे दिवस मोजावयाचे. पांचशें वर्षें गेलीं तरी दिवसांची संख्या ४०१६ च्या वर जात नाहीं.

ह्याहून मोठी युक्ति त्यानें ज्यांच्या बाबतींत केली. सूर्य वर्षभर एकाच चालीनें चालत नाहीं. कधीं किंचित् जलद, कधीं किंचित् मंद. म्हणून सरासरीनें काढलेल्या जागेंत थोडी दुरुस्ती करावी लागते. ती करण्यास पूर्वींचे ज्योतिषी वर्तुळांतील ज्यांचें कोष्टक वापरीत. गणेशानें ग्रहलाघवांतून ज्या व धनुष्य पार काढून टाकिलें. त्याची रीति अशी आहे. सूर्याच्या कोनाचे, म्हणजे भुजाचे, जे अंश येतील त्यांस नऊनीं भागावें. तें फळ वीसांतून वजा करावें, आणि बाकीस त्याच फळानें गुणावें. गुणाकाराचा नववा हिस्सा सत्तावन्नांतून वजा करून जें राहील त्यानें गुणाकारास भागावें. झाली दुरुस्ती. भुज नव्वद अंश असला तर फळ दहा, बाकी दहा, गुणाकार शंभर. शंभराचा नववा हिस्सा सत्तावन्नांतून काढिल्यावर सुमारें ४५.८९ राहतात, त्यांनीं शंभरांस भागितां दोन अंश आणि पावणेअकरा कला येतात. सूर्यसिद्धांताच्या ज्यांवरून हाच आंकडा दोन अंश साडेदहा कला येतो. तीस अंशांसाठीं कोणी करून पाहिलें तरी दोन्ही रीतींत एका कलेचेंहि अंतर पडत नाहीं. आमच्या शाळांतील वरच्या वर्गाच्या मुलांनीं हा हिशेब अवश्य करून पाहावा. बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार ह्यांपलीकडे त्यांत कांहीं नाहीं.

सोपें केल्यानें शास्त्र बिघडतें, हा आक्षेप विद्वानांनीं घेतला असेल तर तो अगदींच चुकीचा नव्हता. केवळ रीति पाठ करून मागची उपपत्ति विसरणारे जोशी पुढें पुष्कळ निपजले. परंतु स्वतः गणेश उपपत्ति जाणत होता. भास्कराचार्यांच्या लीलावतीवर त्यानें शके १४६७, म्हणजे इ. स. १५४५ त बुद्धिविलासिनी नांवाची टीका लिहिली, आणि तींत प्रत्येक रीति कां खरी ह्याचीं कारणें दिलीं आहेत. तिच्या वीस वर्षें आधीं, १५२५ त, त्यानें लघुतिथिचिंतामणि हा लहानसा सारणीग्रंथ केला. तिथि, नक्षत्र आणि योग त्यावरून इतक्या लवकर निघूं लागले कीं वर्षाचें पंचांग करणें हें पूर्वीं महिन्यांचें काम होतें, तें थोड्या दिवसांचें झालें. गांवोगांवच्या जोश्यांस हा ग्रंथ ग्रहलाघवाइतकाच प्रिय झाला. त्याचाच मोठा भाऊ बृहत्तिथिचिंतामणि हा १५५२ चा. यंत्रांवरहि त्यानें लिहिलें आहे. त्यांपैकीं प्रतोदयंत्र मोठें मौजेचें. प्रतोद म्हणजे चाबूक. चाबकाच्या दांड्यावर खुणा करून तो उन्हांत धरावयाचा, आणि सावली कोणत्या खुणेवर पडते तें पाहून दिवसाच्या किती घटका गेल्या तें ओळखावयाचें. घोड्यावर बसलेल्या मनुष्यासहि वेळ कळावी, हा त्यांतला हेतु.

लग्नाच्या मुहूर्तांवरील विवाहवृंदावन ह्या ग्रंथावरहि गणेशानें टीका केली आहे. ग्रहांवरून शुभाशुभ पाहण्याच्या ह्या भागास आमची संमति नाहीं, हें वाचक जाणतातच. परंतु ज्या माणसाचें चरित्र लिहावयाचें त्याचें वजन तो जेथें खरा राबला तेथें करावें, आणि गणेश राबला तो वेधांत व गणितांत.

त्याच काळांत युरोपांत काय चाललें होतें, तेंहि पाहण्यासारखें आहे. कोपर्निकसाचा ग्रंथ १५४३ त छापला गेला. पृथ्वी फिरते, सूर्य स्थिर आहे, हा मोठा विचार त्यांत होता. गणेशाच्या गणितांत पृथ्वी मध्येंच बसलेली आहे. तो प्रश्न त्यानें हातीं घेतलाच नाहीं, आणि ह्या बाबतींत कोपर्निकस त्याच्या फार पुढें होता. परंतु आकाशाशीं मेळ घालण्याची अडचण तिकडेहि तीच होती. १५६३ त गुरु आणि शनि ह्यांची युति झाली, तेव्हां डेन्मार्कचा टायको ब्राहे हा सोळा वर्षांचा मुलगा ती पाहत होता. जुन्या कोष्टकांची वेळ सुमारें एक महिन्यानें चुकली होती, आणि कोपर्निकसाच्या मतावरून केलेल्या नव्या कोष्टकांचीहि कांहीं दिवसांनीं. तेव्हांपासून त्यानें जन्मभर वेध घेण्याचा ध्यास घेतला, आणि त्याच वेधांवरून पुढें केप्लरनें ग्रहांच्या भ्रमणाचे नियम शोधून काढिले. नांदगांवचा मुलगा आणि डेन्मार्कचा मुलगा ह्यांस एकमेकांची वार्ताहि नव्हती. टायकोस राजानें बेट दिलें, वेधशाळा बांधून दिली, हाताखालीं माणसें दिलीं. त्याच्यामागें केप्लर आला. गणेशाच्या मागें तसें कोणी आलें नाहीं, आणि आमच्या मतें ह्या चरित्रांतली मोठी खंत ती हीच.

ती खंत कशी, तें ऐका. बृहत्तिथिचिंतामणींत गणेशानें पूर्वींच्या आचार्यांची मालिका दिली आहे. प्राचीन ऋषींनीं सांगितलेलें गणित त्यांच्या काळीं खरें होतें, पुढें तें अंतरलें. मग मय, मग आर्यभट, मग आणखी एक, असें प्रत्येकानें आपल्या काळीं सुधारलें. तेंहि ढळलें तेव्हां केशवानें सुधारलें. आणि त्यानंतर आपण. ह्या मालिकेंत त्यानें आपल्या बापास घातलें आणि बापाचेंहि गणित ढळलें हेंहि सांगितलें. मग आपलें ढळणार नाहीं असें तो कसें म्हणेल? पुढच्यांनीं पाहून सुधारावें, हाच त्या कुटुंबाचा दंडक होता.

पण घडलें उलट. ग्रहलाघव इतका सोपा आणि त्या काळीं इतका बरोबर होता कीं तो महाराष्ट्रांतून गुजराथेंत, कर्नाटकांत आणि उत्तरेंत काशीपर्यंत पसरला. गोदावरीच्या उत्तरतीरावरील गोलग्रामचा दिवाकर हा गणेशाचा शिष्य. दिवाकराचे वंशज काशीस जाऊन राहिले. त्याच्या मुलांपैकीं मल्लारी आणि विश्वनाथ ह्या दोघांनीं ग्रहलाघवावर टीका लिहिल्या, आणि त्यांच्या योगानें ग्रंथाचा आणखी प्रसार झाला. परंतु दिवाकराचाच पणतू कमलाकर हा १६५८ त मोठा सिद्धांतग्रंथ लिहितो तो सूर्यसिद्धांताचा कट्टर अभिमानी होऊन. ज्या घरास गुरूनें आकाश पाहावयास शिकविलें, तें घर तीन पिढ्यांत पुन्हां पोथीकडे वळलें. गांवोगांवचे जोशी तर ग्रहलाघवासच जणूं ऋषींचा ग्रंथ मानूं लागले. वेध घेणें थांबलें, आणि ज्यानें ग्रंथांस आकाशापुढें उभें केलें त्याचाच ग्रंथ आकाशाकडे पाठ करून वापरला जाऊं लागला.

चुका तर वाढतच होत्या. गणेशानें वर्ष धरिलें तें सूर्यसिद्धांताचें, ३६५ दिवस, १५ घटिका आणि साडेएकतीस पळें. सूर्य ताऱ्यांच्या मानानें फिरून त्याच जागीं येण्यास जो खरा काळ लागतो त्याहून हें सुमारें साडेतीन मिनिटांनीं अधिक आहे. एका वर्षांत हें कोणास कळत नाहीं, चारशें वर्षांत जवळजवळ एक दिवस होतो. चंद्राच्या गतींतील कांहीं फेर त्यास ठाऊक नव्हते, त्यामुळें तिथीचा शेवट कधीं कधीं कित्येक घटिका पुढेंमागें होई. एकोणिसाव्या शतकांत ग्रहणाच्या वेळा आणि ग्रहांच्या जागा पंचांगांत एक आणि आकाशांत दुसऱ्या, असें पुन्हां झालें.

ह्यावरून कोणी हिंदु लोकांस हंसूं लागेल तर त्यास आमचें एवढेंच सांगणें कीं आपल्या मंडळींच्या इतिहासाकडेहि पाहावें. युरोपांतील जुनें वर्ष सुमारें अकरा मिनिटांनीं मोठें होतें, आणि पुनरुत्थानाचा सण ऋतूंतून सरकत चालला होता. रोमच्या तेराव्या ग्रेगरी पोपानें १५८२ त दहा दिवस गाळून तें सुधारलें. गणित बरोबर होतें, तरी तें पोपाकडून आलें एवढ्याच कारणानें प्रॉटेस्टंट देशांनीं तें नाकारिलें. जर्मनीतील प्रॉटेस्टंट संस्थानें १७०० पर्यंत थांबलीं. इंग्लंडनें १७५२ त, म्हणजे एकशें सत्तर वर्षांनीं, सप्टेंबरच्या २ तारखेनंतर एकदम १४ तारीख धरिली. सूर्य कोणत्याहि पंथाचा नाहीं हें कबूल करावयास तेथेंहि पांच-सात पिढ्या लागल्या.

महाराष्ट्रांत दुरुस्ती आली ती त्याच किनाऱ्यावरून. मुंबईस अमेरिकन मिशनच्या छापखान्याचें काम पाहून गणपत कृष्णाजी ह्यांनीं आपला छापखाना काढिला, आणि १८४१ त पंचांग छापलें. त्यापूर्वीं जोशी हातानें लिहीत. छापील पंचांगें जिकडे तिकडे झालीं, आणि चुकीचा आंकडा सर्वांच्या डोळ्यांपुढें एकदमच येऊं लागला. केरो लक्ष्मण छत्रे हे अलिबागेजवळ नागांव येथें जन्मले. नांदगांवाहून तें थोड्याच कोसांवर. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेंत त्यांनीं काम केलें होतें. त्यांनीं युरोपांतील नव्या कोष्टकांवरून १८६० त ग्रहसाधनाचीं कोष्टकें हा मराठी ग्रंथ लिहिला, आणि १८६५ पासून त्यांच्या गणितानें निराळें पंचांग निघूं लागलें. त्यास पटवर्धनी पंचांग म्हणत. केरोपंतांनीं केलें तें केशव आणि गणेश ह्यांच्या सांगण्याप्रमाणेंच होतें. पण लोकांनीं ग्रहलाघव सोडण्यास नकार दिला, आणि नवें पंचांग पुष्कळ वर्षें थोड्याच घरांत गेलें. ह्यानंतर मुरुडचे, म्हणजे रत्नागिरी जिल्ह्यांतील दापोलीजवळच्या मुरुडचे, शंकर बाळकृष्ण दीक्षित ह्यांचा भारतीय ज्योतिषशास्त्र हा ग्रंथ १८९६ त प्रसिद्ध झाला. ह्या देशांतील सर्व ज्योतिष्यांचें काम त्यांनीं त्यांत तपासून मांडलें. केशव आणि गणेश हे वेध घेणारे होते ही गोष्ट सामान्य मराठी वाचकांस प्रथम नीट कळली ती ह्या ग्रंथावरून. दीक्षित दोनच वर्षांनीं, १८९८ त, अवघ्या पंचेचाळिसाव्या वर्षीं वारले. व्यंकटेश बापूजी केतकर ह्यांनीं नव्या गणितावर ग्रंथ रचून पंचांगें करणारांस साधन दिलें, आणि लोकमान्य टिळकांनीं शुद्ध पंचांगाचा पुरस्कार केला.

देश स्वतंत्र झाल्यावर १९५२ त सरकारनें मेघनाद साहा ह्यांच्या अध्यक्षतेखालीं एक समिति नेमिली. तिनें देशांतील निरनिराळीं पंचांगें मागवून तपासलीं आणि १९५५ त आपला अहवाल दिला. त्याप्रमाणें २२ मार्च १९५७ ह्या दिवशीं शके १८७९ च्या चैत्राची १ तारीख धरून राष्ट्रीय दिनदर्शिका सुरू झाली. आज छापल्या जाणाऱ्या बहुतेक मराठी पंचांगांतील ग्रह नव्या गणिताचे असतात, आणि ते आकाशांत सांगितल्या जागीं दिसतात. ग्रहलाघवाच्या हस्तलिखित पोथ्या पुण्यास, काशीस आणि इतर अनेक ग्रंथसंग्रहांत जपून ठेविल्या आहेत.